ड्राइव्ह नेमका कधी तुटतो?

या वेळच्या टपालात एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे : ऑफिसात शेअर केलेला ड्राइव्ह मधेच तुटतो, त्याच्यावर लाल फुली येते आणि काम अडतं. म्हणून प्रिंटरचे आणि मराठी टायपिंगचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. पत्रं निवडताना मी एक कसोटी लावली. ‘सारखा तुटतो’ एवढंच न लिहिता ज्यांनी कधी तुटतो, एकाच मशीनवर की सगळीकडे, हे कळवलं त्यांची पत्रं आधी घेतली. निम्मं उत्तर त्या वेळेतच असतं, हे खाली दिसेलच.

प्रश्न : ताई, मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. पाच कॉम्प्युटर आहेत. दिवाणजींच्या मशीनवरचा ‘हिशेब’ हा फोल्डर बाकी चौघांना झेड ड्राइव्ह म्हणून दिलाय. सकाळी सगळं व्यवस्थित चालतं. सौदे आटोपून आम्ही परत येतो तेव्हा झेडवर लाल फुली असते. डबल क्लिक केलं की ड्राइव्ह उघडतो, पण पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचं, सॉफ्टवेअर ‘पाथ सापडत नाही’ म्हणून बंद पडतं आणि अर्धवट भरलेली पट्टी जाते. शेतकरी समोर बसलेला असतो. कॉम्प्युटरवाल्यानं दोनदा फॉरमॅट मारलं, फरक नाही.
— हिशेबनीस, मार्केट यार्ड, सांगली

उत्तर : ‘सौदे आटोपून परत येतो तेव्हा’ हे तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. सौदे चालू असताना दुकानातली सगळी मंडळी तिकडे असतात आणि कीबोर्डला कुणाचा हात लागत नाही. नेमकं तेच कारण आहे. ज्या मशीनवरून फोल्डर शेअर केलेला असतो, ते विंडोज मशीन १५ मिनिटं काहीच हालचाल न झालेली जोडणी स्वतःहून बंद करतं. हा बिघाड नाही. रिकाम्या जोडण्यांचा भार मशीनवर राहू नये म्हणून ती सोय मुद्दाम ठेवलेली आहे. तुम्ही डबल क्लिक करता तेव्हा विंडोज ती जोडणी पुन्हा बांधून घेतं, म्हणून ड्राइव्ह लगेच उघडतो. पट्टीच्या जुन्या सॉफ्टवेअरला हे जमत नाही. सकाळी मिळालेली जोडणीच ते धरून बसतं, आणि ती गेली की नव्यानं जोडून घेण्याऐवजी बंद पडतं.

उपाय दिवाणजींच्या मशीनवर करायचा आहे. तुमच्या चार मशीनवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, आणि फॉरमॅट मारून तर मुळीच नाही, कारण नव्या विंडोजमध्येही ती मुदत पुन्हा १५ मिनिटांचीच येते. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, उजवी क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’नं उघडा. इंग्रजीत ‘नेट कॉन्फिग सर्व्हर’ टाइप करा. जी माहिती येईल तिच्यात ‘आयडल सेशन टाइम’ अशी ओळ असेल आणि तिच्यापुढे १५ दिसेल. आता तीच कमांड पुन्हा टाइप करा, एक जागा सोडा आणि पुढे स्लॅश, ऑटोडिसकनेक्ट, कोलन, वजाचं चिन्ह आणि १ हे सलग लिहा. वजा एक म्हणजे कधीच तोडू नको. पहिली कमांड परत देऊन आकडा बदलला का ते बघा.

एवढ्यानं भागलं नाही तर दुसरी शंका आहे. दिवाणजीही सौद्याला जातात का? जात असतील तर त्यांचं मशीन झोपत असणार. ओळखायचं असं : परत आल्यावर दिवाणजींच्या मशीनला कुणी हात लावायच्या आधी तुमच्या मशीनवर झेड उघडून बघा. लगेच उघडला तर वर सांगितलेलं १५ मिनिटांचं प्रकरण. हिरवी पट्टी सरकत राहिली, शेवटी एरर आली आणि दिवाणजींनी माऊस हलवल्यावरच ड्राइव्ह उघडला, तर झोपेचं प्रकरण. पॉवर सेटिंगमध्ये त्या मशीनचं ‘स्लीप’ कायमचं ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद होऊ द्या, त्यानं काही बिघडत नाही. जोडीला डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खालच्या कार्डावर डबल क्लिक करा. ‘पॉवर मॅनेजमेंट’च्या पानावर वीज वाचवण्यासाठी हे कार्ड बंद करायची परवानगी देणारी पहिली खूण असते, ती काढा. हे पाचही मशीनवर करा.

आता थोडं स्पष्ट बोलते. दिवाणजींचं मशीन हे सर्व्हर म्हणून, म्हणजे सगळ्यांना फाइली पुरवायला, वापरायचं मशीन नव्हे. दिवाणजी ते अपडेट आला की रिस्टार्ट करणार, घरी जाताना बंद करणार, त्यात पेन ड्राइव्ह लावणार, आणि त्यांनी ते करायलाच हवं, ते त्यांचं कामाचं मशीन आहे. दुकानात एखादं जुनं मशीन पडून असेल तर त्यात एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घाला, रॅम जरा वाढवा, कोपऱ्यात ठेवा आणि ‘हिशेब’ तिथे हलवा. त्याच्यासमोर खुर्चीच ठेवू नका. हे होईपर्यंत आजपासून एक करा : सौद्याला निघताना पट्टीचं सॉफ्टवेअर बंद करून जा. उघडंच नसेल तर तुटण्यासारखं काही उरत नाही. समोर बसलेल्या शेतकऱ्याला वर्षाच्या मालाची पट्टी हातात घेऊन गावाकडची गाडी गाठायची असते, त्याचा खोळंबा एका सेटिंगपायी होतो हे मला बघवत नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत सगळ्या टेबलांवरच्या कॉम्प्युटरना एसएसडी बसवल्या. वेग छान वाढला. पण तेव्हापासून रोज सकाळी कोपऱ्यात ‘सगळे नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते. थोड्या वेळानं क्लिक केलं की चालतं. संचालक म्हणतात एसएसडी निकृष्ट आहेत, परत करा.
— शाखाधिकारी, विटा

उत्तर : परत करू नका. तुम्ही ‘टेबलांवरच्या’ असं लिहिलंय, त्यावरून मी धरून चालते की सर्व्हरमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. पूर्वी सगळेच सावकाश सुरू व्हायचे, म्हणून जमायचं. आता तुमची मशीन चुटकीसरशी सुरू होतात आणि सर्व्हर अजून विंडोजच्या फिरत्या ठिपक्यांवरच असतो. लॉगिन होताना विंडोज मॅप केलेले, म्हणजे अक्षर देऊन जोडलेले, ड्राइव्ह जोडायला जातं, पलीकडून उत्तर आलं नाही की ती सूचना दाखवून मोकळं होतं.

शिपाईमामा सकाळी मेन स्विच टाकून सगळी मशीन ओळीनं चालू करत असतील. त्यांना सांगा, सर्व्हर पहिला. दाराचं कुलूप काढलं की सर्व्हरचं बटण, मग झाडलोट, मग बाकीची मशीन. याहून चांगलं म्हणजे सर्व्हरमध्येही एसएसडी घाला. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल त्यावर घेता येते, नव्यानं काही बसवावं लागत नाही, मात्र आधी बॅकअप घ्या.

वायफायवर चालणारा लॅपटॉप असेल तर त्याला हीच अडचण सर्व्हर चालू असतानाही येईल, कारण लॉगिन होताना वायफाय बऱ्याचदा अजून जोडलेलं नसतं. त्याला वायर द्या. वायर शक्य नसेल तर नोटपॅडमध्ये दोन ओळींची बॅच फाइल, म्हणजे कमांडची यादी, करून स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा. पहिल्या ओळीत ‘टाइमआउट’ लिहून २० सेकंद, दुसरीत ‘नेट यूज’, ड्राइव्हचं अक्षर आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता. विंडोज सुरू झाल्यावर वीस सेकंद थांबून ती ड्राइव्ह जोडून देते.

आणि एकाच टेबलावर रोज पासवर्ड विचारत असेल तर ती गोष्ट निराळी. तिथे कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असतो. ती नोंद पुसा, पुन्हा ड्राइव्ह उघडा, नवा पासवर्ड द्या आणि लक्षात ठेवण्याच्या चौकटीत खूण करा.

प्रश्न : आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. ऑफिसात सहा मशीन, शिवाय गेटवरच्या वजनकाट्याच्या खोलीत एक. दिवसातून कितीतरी वेळा सगळ्यांचाच ड्राइव्ह एकदम जातो आणि मिनिटाभरात परत येतो. सगळ्या मशीनना यूपीएस आहे, एकही बंद पडत नाही, म्हणजे लाइटचा प्रश्न नाही. व्हायरस असेल का? वजनकाट्यावरचा तर वळवाच्या पावसात दिवस दिवस बंद असतो.
— व्यवस्थापक, तासगाव

उत्तर : मला लाइटचाच प्रश्न वाटतो. मशीनना यूपीएस आहे हे तुम्ही लिहिलंत. स्विचला आहे का? सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात तो आठ किंवा सोळा पोर्टांचा डबा, कपाटावर नाहीतर भिंतीच्या ब्रॅकेटवर असेल, त्याचा अॅडॉप्टर कुठल्या बोर्डात लावलाय ते उठून बघा. मी पाहिलेल्या बहुतेक ऑफिसांत तो साध्या बोर्डात असतो, कारण यूपीएसच्या मागच्या सगळ्या जागा मॉनिटर आणि सीपीयूंनी अडवलेल्या असतात.

तुमच्याकडे कॉम्प्रेसर आहेत. मोठी मोटर सुरू होते त्या क्षणी ती करंट जोरात ओढते आणि व्होल्टेज खाली जातं. तुमच्या ट्यूब तेव्हा लुकलुकत असतील, पंख्याच्या वेगात मात्र काही जाणवणारही नाही. स्विचच्या छोट्या अॅडॉप्टरला तेवढं पुरतं. स्विच बंद पडून पुन्हा सुरू होतो. सगळ्या पोर्टांचे हिरवे दिवे एकदम विझतात, एकदम लागतात, मग एकेक करून लुकलुकायला लागतात. तोपर्यंत सातही मशीनची वायर काढल्यासारखी अवस्था असते. यूपीएसवरची मशीन हे सगळं घडताना शांतपणे चालू राहतात आणि त्यामुळेच संशय विंडोजवर जातो.

खात्री अशी करून घ्या. एका मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’, सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता), मग वजाचं चिन्ह आणि टी असं टाइप करून ती खिडकी दिवसभर उघडी ठेवा. दर सेकंदाला एक ओळ येत राहील. ड्राइव्ह गेला की ओळ काय म्हणते ते वाचा. ‘जनरल फेल्युअर’ दिसलं तर तुमच्याच मशीनची वायर किंवा स्विच मेला. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसलं तर वायर जिवंत आहे, पण पलीकडून उत्तर येत नाही, म्हणजे सर्व्हर नाहीतर त्याची वायर बघायची. कॉम्प्रेसरवरच्या ऑपरेटरला सांगा, मशीन चालू केलं की वहीत वेळ लिहायची. संध्याकाळी दोन्ही ताडून बघा. वेळा जुळल्या की स्विचचा आणि राउटरचा अॅडॉप्टर यूपीएसवर घ्या. दोन्ही मिळून वीज अगदी थोडी खातात, एक छोटा यूपीएस त्यांच्यासाठी वेगळा ठेवलात तरी पुरे. सर्व्हर ज्या यूपीएसवर आहे त्याची बॅटरीही तपासून घ्या. जुनी बॅटरी दिवा हिरवा दाखवते आणि वेळेला दगा देते.

वजनकाट्याचं वेगळं आहे. गेटची खोली ऑफिसपासून किती लांब? तांब्याच्या लॅन वायरची मर्यादा १०० मीटर आहे. मधे जोड देऊन ती पुढे नेलेली असेल, किंवा मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातून आणलेली असेल, तर ती कधी चालेल आणि कधी नाही. वळवात बंद पडण्याची दोन कारणं संभवतात. उघड्यावरून नेलेल्या वायरीत पाणी शिरतं, आणि जवळपास वीज पडली की त्या तांब्यातून झटका येऊन स्विचचा पोर्ट जळतो. तो पोर्ट सोडून वायर दुसऱ्या पोर्टात लावल्यावर चालू झालं तर पोर्ट जळाला समजा. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांबं नेऊच नये असं माझं ठाम मत आहे. फायबर टाका, दोन्ही टोकांना फायबर आणि लॅन वायर जोडणारे मीडिया कन्व्हर्टर बसवा. काचेतून विजेचा झटका येत नाही. खर्च एकदाच होतो आणि काट्यावरचा माणूस भर पावसात गाडीवाल्यांची बोलणी खात उभा राहत नाही.

प्रश्न : आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट एका जुन्या नेटवर्क स्टोरेजच्या डब्यावर साठवतो. पासवर्ड कधीच नव्हता. नवीन विंडोज ११चं मशीन घेतलं, त्यावर तो डबा उघडतच नाही. बाकी मशीनवर उघडतो. विक्रेता म्हणाला, विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी वन चालू करा. करू का?
— लॅब टेक्निशियन, मिरज

उत्तर : नका करू. आधी पासवर्ड नसल्याची गोष्ट बघू, कारण अडचण बहुधा तिथेच आहे.

नव्या मशीनवर ‘विनव्हर’ टाइप करून आवृत्ती बघा. २०२४ मध्ये आलेली २४एच२ किंवा तिच्यानंतरची असेल आणि विंडोज प्रो असेल, तर दोन गोष्टी मुळातच बदललेल्या आहेत. नाव-पासवर्ड न देता ‘गेस्ट’ म्हणून आत जाणं बंद झालं आहे. आणि दोन मशीनमधल्या प्रत्येक निरोपावर सही असलीच पाहिजे असा नियम आला आहे. सही पासवर्डच्या आधारानं होते, गेस्टकडे पासवर्डच नसतो, म्हणून त्याला दार उघडत नाही. तेव्हा डब्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन एक युजर आणि चांगला पासवर्ड तयार करा, फोल्डरवर गेस्टला दिलेली परवानगी काढा आणि सगळ्या मशीनवर तोच युजर वापरून ड्राइव्ह नव्यानं जोडा. तिथेच डब्याच्या फर्मवेअरचा, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरचा, अपडेट मिळतोय का आणि एसएमबी २ किंवा ३, म्हणजे फाइल शेअर करायची नवी पद्धत, चालू करायची सोय आहे का तेही बघा. बऱ्याच जुन्या डब्यांत ती असते, फक्त बंद ठेवलेली असते.

फोल्डर डब्याऐवजी एखाद्या विंडोज मशीनवरून शेअर केलेला असेल तर तिथे एक घोटाळा हमखास होतो. सकाळी मशीन उघडताना आपण जो चार आकडी पिन टाकतो, तो नेटवर्कवर चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्डच लागतो. त्या मशीनवर केवळ शेअरिंगपुरतं एक वेगळं साधं खातं काढलं की हा गोंधळ मिटतो.

आता एसएमबी वन. ही फाइल शेअर करायची फार जुनी पद्धत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो तिच्यातल्याच भगदाडातून. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या होत्या. भगदाड बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं त्याआधी मार्चमध्येच दिला होता, पण ज्यांनी तो घेतला नव्हता ते सापडले. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं एसएमबी वन नव्यानं बसवलेल्या विंडोजमधून काढायला सुरुवात केली. तुम्ही ती परत चालू कराल तर एका डब्याच्या सोयीसाठी सगळ्या रुग्णांचे रिपोर्ट उघड्यावर ठेवाल. डबा एसएमबी वनशिवाय चालतच नसेल, तर त्यावरचे रिपोर्ट काढून घ्या आणि डबा बदला. लॅबमधल्या एखाद्या तपासणी यंत्राला जोडलेलं मशीन जुन्या विंडोजचंच ठेवावं लागतं, हे मला माहीत आहे. ते इंटरनेटपासून आणि बाकीच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा, त्याला फक्त लागेल तेवढीच वाट द्या.

प्रश्न : आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये २६ मशीन आहेत. सरांच्या विंडोज ११ मशीनवरून ‘सराव’ फोल्डर दिलाय. आधी आलेल्या मुलांना तो उघडतो, उशिरा आलेल्यांना नाही. मशीन बदलून बसवलं तरी तेच.
— संचालिका, पलूस

उत्तर : विंडोज १० आणि ११च्या साध्या आवृत्त्या एका वेळी २० जोडण्यांपर्यंतच परवानगी देतात. एकविसाव्याला ‘आणखी जोडण्या करता येणार नाहीत’ अशी सूचना येते, कमांड प्रॉम्प्टमधून जोडलं तर ७१ हा क्रमांक दिसतो. हा परवान्याचा नियम आहे, सेटिंगनं वाढत नाही. छोटा नेटवर्क स्टोरेजचा डबा घ्या, किंवा जुन्या मशीनवर लिनक्स टाकून सांबा हे फाइल शेअर करायचं सॉफ्टवेअर बसवा, त्याला पैसे पडत नाहीत. तोवर मुलांना दोन तुकड्यांत बसवा. आणि इथे मात्र ती १५ मिनिटांची मुदत बंद करू नका, उलट कमी करा. रिकाम्या जोडण्या लवकर सुटल्या की पुढच्या मुलाला जागा मिळते.

प्रश्न : कारखान्यात वायफाय नीट येत नव्हतं म्हणून बाजारातून नवा राउटर आणून स्विचला जोडला. दुसऱ्या दिवसापासून निम्म्या मशीनवर सर्व्हरचा ड्राइव्ह दिसत नाही. इंटरनेट मात्र सगळीकडे आहे. रोज वेगवेगळ्या मशीनवर हा त्रास होतो.
— स्टोअर कीपर, कुपवाड एमआयडीसी

उत्तर : आता तुमच्या नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारे दोघं झाले आहेत. जुना राउटर १९२.१६८.१ नं सुरू होणारे पत्ते देत असेल आणि नवा १९२.१६८.० नं. सकाळी मशीन चालू झाल्यावर ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता ते घेतं, म्हणून रोज वेगळी मशीन अडकतात. नव्या राउटरची इंटरनेटची वायर वेगळी किंवा त्याच स्विचमधून असेल तर इंटरनेट दोन्हीकडे चालतं, सर्व्हर मात्र एकाच वाडीत राहतो. अडकलेल्या मशीनवर ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड देऊन बघा, पत्त्यातला तिसरा आकडा वेगळा निघेल.

नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता जुन्याच्या मालिकेतला करा, जो दुसऱ्या कुणालाही दिलेला नाही असा. मग त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा. स्विचकडून येणारी वायर इंटरनेटच्या (वॅन) पोर्टात असेल तर ती काढून साध्या लॅन पोर्टात लावा. सगळी मशीन एकदा रिस्टार्ट करा. हे करताय तोवर जुन्या राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता राखीवही करून टाका. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की सर्व्हरला कधी कधी नवा पत्ता मिळतो, आणि आकड्यांवर मॅप केलेले सगळे ड्राइव्ह ५३ क्रमांकाची एरर देत बसतात.

प्रश्न : झेड ड्राइव्ह समोर दिसतो, उघडतोही. पण करविवरणाचं एक सॉफ्टवेअर ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’नं चालवावं लागतं, त्याला तो दिसत नाही.
— कर सल्लागार, विश्रामबाग

उत्तर : साधं लॉगिन आणि अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणं या विंडोजच्या लेखी दोन वेगळ्या बैठका आहेत. एकीत जोडलेला ड्राइव्ह दुसरीला दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये झेड न लिहिता दोन उलट्या स्लॅशनी सुरू होणारा पूर्ण पत्ता, म्हणजे सर्व्हरचं नाव आणि फोल्डरचं नाव, टाकून बघा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून ‘नेट यूज’नं तोच ड्राइव्ह पुन्हा जोडला तरी चालतं. रजिस्ट्रीतही एक उपाय आहे, पण तो जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

प्रश्न : या कटकटीपेक्षा हिशेबाचा फोल्डर इंटरनेटवर सिंक होणाऱ्या ड्राइव्हमध्येच टाकला तर? आमचं ऑफिस गावभागात तळमजल्यावर आहे. पुराच्या वेळी मशीन उचलायची धावपळ होते ती वेगळीच.
— बांधकाम ठेकेदार, सांगली

उत्तर : नकाशे, पत्रं, फोटो, एक्सेल यांना तो मार्ग चांगला आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा मात्र तिथे ठेवू नका. ती सॉफ्टवेअर दर नोंदीला अनेक फाइली एकदम बदलतात. सिंक करणारा प्रोग्राम त्या एकेक करून वर नेतो, आणि दोन टेबलांवरून एकाच वेळी काम झालं तर एकाच फाइलच्या दोन निरनिराळ्या प्रती तयार होतात. कुठली खरी, हे मार्चअखेरीला शोधत बसावं लागतं. चालू डेटा ऑफिसातच ठेवा, रोज संध्याकाळी सॉफ्टवेअरमधून घेतलेला बॅकअप वर पाठवा.

पुराचं तुम्ही लिहिलंत ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात ज्यांनी मशीन टेबलावर ठेवून कुलूप लावलं होतं, त्यांचं टेबलच पाण्याखाली गेलं. शेअरिंगचं मशीन आणि स्विच वरच्या मजल्यावर हलवा. लॅनची वायर जिन्यातून खाली आणायला काहीच अडचण नाही, १०० मीटरच्या आत सगळं बसतं. खाली फक्त टेबलांवरची मशीन राहू देत, ती गेली तर पैशांनी परत येतात. हिशेबाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क मशीनला लावून ठेवू नका. बॅकअप झाला की काढायची आणि घरी न्यायची. घर नदीकाठी असेल तर विश्रामबागेत किंवा मिरजेत कुणा नातेवाइकाकडे दुसरी डिस्क ठेवा, आठवड्याला दोघींची अदलाबदल करा. आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधी त्या डिस्कवरचा बॅकअप दुसऱ्याच एखाद्या मशीनवर उघडून, मागच्या महिन्याचं एखादं बिल त्यात सापडतंय का ते स्वतः बघा.